बघूचाचा आणि एक मुन्सफ

आमच्या भागात ‘बघू’ ह्या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा होतो. मुलाकडची मंडळी ‘बघू’ म्हणाली, की मुलीच्या बापानं चहा संपवून चपला शोधाव्यात. कचेरीतला साहेब ‘बघू’ म्हणाला, की अर्जाची घडी करून खिशात घालावी. मी स्वतः मास्तर आहे. सहलीला कधी जायचं असं विचारणाऱ्या पोरांना गेली वीस वर्षं मी ‘बघू’ म्हणत आलोय, आणि पोरंही अशी शहाणी, की पुढचं वाक्य ऐकायला थांबत नाहीत. सबंध जालना जिल्ह्यात ‘बघू’ म्हणून खरोखर बघत बसणारा एकच माणूस मला भेटला. त्यांना सगळे बघूचाचा म्हणत. खरं नाव असणारच, पण ते फक्त रेशनकार्डाला ठाऊक होतं.

चाचांचं काम सांगितलं तर बाहेरगावच्या माणसाला वाटतं, मी रचून सांगतोय. मी रचून सांगतो हे खरंच आहे, पण हे तसलं नाही. मोसंबीच्या बागेचं पाणी आमच्याकडं हिवाळ्यात मुद्दाम बंद करतात. झाड तहानतं, पानं पिवळी पडतात, गळायला लागतात. असं पुरेसं तहानलेलं झाडच पुढं पाणी मिळाल्यावर अंगभर फुलतं. ह्याला म्हणतात बाग ताणावर सोडणं. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाड नाही. ह्या दोन्हींच्या मधे एक दिवस असतो, त्या दिवशी ताण तोडायचा, म्हणजे पाणी सोडायचं. तो दिवस कोणता, हे सांगायला चाचा जालन्याच्या मस्तगडातून वडापच्या जीपनं गावोगाव जात. सोबत एक रेक्झिनची पिशवी आणि एक लाल प्लास्टिकचं स्टूल. न्हाणीत असतं ना, बुटकं, तेच. बागेत शिरायचं, एका झाडासमोर स्टूल ठेवायचं, कानटोपी खाली ओढायची आणि बसायचं.

“चाचा, कधी तोडायचा ताण?” बागवाला विचारी.

“बघू,” चाचा म्हणत. आणि बघत.

आता मी अशा एका बागेत कसा पोचलो ते सांगतो. जरा सरकून बसा, कारण ह्या प्रवेशात नायक मी आहे आणि तो पडणार आहे.

मास्तरकीच्या जोडीला मी सूत्रसंचालन करायचो. परतूरपासून घनसावंगीपर्यंत लग्न असो, गणपती असो, नव्या दुकानाची फीत कापायची असो, माइकसमोर मी. लोक म्हणायचे, सरांची वाक्यं ऐकावीत आणि वाक्यांमधला थांबा तर डोळे मिटून ऐकावा. त्या थांब्यानंच माझा घात केला. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. आम्ही सगळे त्यांना मोठे सर म्हणत असू. हॉल गच्च भरलेला. सर हारात बुडालेले, शेजारी काकू नव्या साडीत. मी शेवटाकडं आलो, आवाज खाली आणला आणि म्हणालो, “अशा ह्या आपल्या लाडक्या सरांना आपण सर्व मिळून भावपूर्ण…” आणि थांबलो. माझा तो प्रसिद्ध थांबा.

पुढं ‘निरोप’ म्हणायचं होतं. पण मंडळी, आमच्याकडं ‘भावपूर्ण’ ह्या शब्दाचं लग्न एकाच शब्दाशी लागलेलं आहे. चौकाचौकातल्या फलकांनी ते लावून दिलंय. थांबा संपला आणि जीभ आपल्या पायवाटेनं निघून गेली. “…श्रद्धांजली अर्पण करूया,” मी म्हणालो.

लोक हसले असते तर मी वाचलो असतो. लोक हसले नाहीत. मागच्या चार रांगा सवयीनं उठून, मान खाली घालून उभ्या राहिल्या. त्यांचं बघून पुढचे उभे राहिले. आणि सर! आयुष्यभर शाळेत प्रत्येक शोकसभेला सगळ्यांच्या आधी उभा राहणारा तो शिस्तीचा माणूस, तोही हार सावरत उठला आणि डोळे मिटून उभा राहिला. एकट्या काकू बसून होत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या.

चार महिन्यांनी सर गेले. हृदयविकार.

त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ कुणीतरी मोबाइलवर घेतला होता, तो आता गावभर फिरला. पानटपरीवाला मला बघून हात जोडायचा, “सर, माझं नाव तेवढं घेऊ नका बरं का. लेकरं ल्हान हायेत.” सगळे हसायचे. मीही हसायचो, सगळ्यांत मोठ्यांदा हसायचो. पण त्या हसण्याखाली एक कोर्ट भरलेलं असायचं. सकाळी दाढी करताना, भाकरी मोडताना, वर्गात फळा पुसताना एकच खटला. तू मारलंस त्यांना. आरोपीला काय म्हणायचंय? आरोपीला काही म्हणायचं नसायचं. हळूहळू मी कार्यक्रम सोडले. मग एक दिवस हजेरी घ्यायला उभा राहिलो आणि पहिल्या मुलाचं नाव तोंडातून निघेना. वाटलं, ज्याचं नाव घेईन त्याचं काहीतरी होईल. मी वही मॉनिटरच्या हातात दिली आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. नाव उच्चारता येत नाही असा मास्तर म्हणजे पाय नसलेला टपालवाला. आणि सरांच्या घरी मी अजून भेटायला गेलो नव्हतो. काकूंना कुठल्या तोंडानं भेटणार? तोंडच तर गुन्हेगार होतं.

बायकोनं माझी पिशवी भरली आणि मला घनसावंगीकडच्या गावात ताईकडं पाठवलं. शाळा तिथून मोटारसायकलवर जवळ होती आणि बाग त्याहून जवळ. “थोडे दिवस मोकळ्या हवेत राहा,” ती म्हणाली. “आणि स्वतःशी बोलणं जरा कमी करा.”

मी गेलो तेव्हा दाजींची बाग ताणावर होती आणि दाजी बागेपेक्षा जास्त ताणावर होते. “चार दिवस झाले बघून राह्यले चाचा,” ते ओरडून सांगत होते, चाचांना ऐकू जाईल अशा बेतानं. “बाकीच्यांच्या मोटरी सुरू झाल्या. आपले चाचा स्टुलावर! चाचा, झाडं सुकून चाल्ली हो!”

“सुकायलाच तर पाणी तोडलं ना, पाटील,” चाचा मान न वळवता म्हणाले. “जल्दी काय हाय? दुपारी पान मान टाकतंय. सकाळी पुन्हा उचलतंय. ज्या सकाळी उचलणार न्हाई, त्या दिवशी मी तुमच्या आदी मोटरीपाशी असंन.”

मेंदी लावलेली दाढी, बारीक अंग, आणि डोळ्यांत असा निवांतपणा, की समोर बसलं की आपल्यालाच जांभई यावी. मी एक बादली उलटी करून त्यांच्या शेजारी बसलो. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी माझी सगळी कहाणी सांगितली. हातवारे करून सांगितली, मागच्या रांगा कशा उठल्या ते उठून दाखवलं, सरांचा हार सावरला, काकूंची नजर दाखवली. शेवटी म्हणालो, “चाचा, मी माणूस मारलाय.” पिवळी पानं टपटपत होती. नाट्यगृहात एवढी शांतता मला कधी मिळाली नव्हती.

“झालं?” चाचा म्हणाले.

“झालं.”

“बघू,” ते म्हणाले आणि झाडाकडं वळले.

मला फार राग आला. इतकी चांगली कहाणी वाया गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक नाव दिलं. हैदराबाद राज्य होतं तेव्हा न्यायाधीशाला मुन्सफ म्हणत. चाचांच्या घरात तो शब्द अजून शिल्लक होता. “या मुन्सफसाब,” ते म्हणाले. “आज किती सजा सुनावली?”

“कुणाला?”

“तुम्हालाच की. कोर्टात वकील कोण हाय तुमच्या?”

“मीच.”

“आन् मुलजिम?”

“मीच.”

“साक्षीदार?”

“तोही मीच.”

“आन् मुन्सफ बी तुम्हीच. अरे बापरे!” चाचांनी कपाळाला हात लावला. “एवढा कामात असलेला माणूस मी पाह्यला न्हाई. बसा जरा. पाय दुखले असतील.”

मग आम्ही बसायला लागलो. शाळा सुटली की मी येई, बादली उलटी करी. डिसेंबरातलं तिथलं तिसऱ्या प्रहरचं ऊन हा एक वेगळाच पदार्थ आहे. ते अंगावर पडत नाही, शेजारी येऊन बसतं. ठिबकच्या नळ्या कोरड्या पडलेल्या. बागेत हिरवा आणि पिवळा ह्यांच्यामधला एक रंग, त्याला आमच्या भाषेत नाव नाही. मधूनच एक पान सुटायचं. ते खाली पडायला इतका वेळ लावायचं, की मी त्याच्याबरोबर अर्ध्यावर पेंगायचो आणि ते जमिनीला टेकलं की जागा व्हायचो. चाचा कधी एखादं पान हातात घेऊन मुडपत, कानाशी नेत. कधी खोडाजवळची मूठभर माती दाबून बघत आणि जागच्या जागी ठेवून देत, अगदी कुणाची वस्तू परत ठेवावी तशी. ‘हे झाड वाईट, ते झाड चांगलं’ असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. “ह्याची पानं वळलीत,” म्हणत. “ह्याच्या शेंड्याला एक काडी वाळलीय.” संपलं. पुढं विशेषण नाही. मी मराठीचा मास्तर. विशेषणांशिवाय माणूस जगू शकतो हे मला पहिल्यांदा कळत होतं.

मी विचारलं, “चाचा, बघताना मनात काय चालतं तुमच्या?”

“काय चालंल? पान हाय, पान बघतो. भूक लागली, तर भूक लागली हे बघतो. तुमची ताई आज काय करून राह्यली हे बी बघतो.” भजी असली तर ते दोन दिवस खूश असत. एकदा ताईनं हौसेनं उपमा केला, तर हा शांतीचा पुतळा तीन दिवस रुसून तिच्याशी बोलला नाही. साखरेचा आजार असूनही चहात साखर कमी पडली, की कपाकडं असे बघत, की ताईच शरमून चमचा घेऊन येई. त्यांचं घोरणं दोन बागा पलीकडं ऐकू जायचं. तेव्हा कुणी असं समजू नये, की मी कुणा साधुपुरुषाचं चरित्र सांगतोय.

मी मात्र लवकरच ह्या विद्येत तरबेज झालो, असं मला वाटलं. बसल्या बसल्या कोर्ट भरे, ‘तू मारलंस’ हे वाक्य येई, आणि मी शिकवल्याप्रमाणे, म्हणजे कुणी शिकवलं नसतानाही, नुसतं बघे. एके दिवशी बराच वेळ ते वाक्य आलंच नाही. मी बादलीवरून उठलोच. “चाचा! आज माझ्या मनात काहीच नव्हतं! निदान पाव तास!”

“वा!” चाचा म्हणाले. “किती मार्क दिले मंग?”

“दहापैकी आठ,” मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, दिले होते.

चाचा इतके हसले, की कानटोपी मातीत पडली. “कोर्ट बंद करून शाळा उघडली रे ह्यानं!” ते डोळे पुसत म्हणाले. “मुन्सफाचा मास्तर झाला. बसा, बसा. ते मार्क देणं बी बघा जरा. लई गंमत हाय त्यात.”

मी पुन्हा बसलो. आणि खरंच, त्यात गंमत होती. लाल शाईचं पेन घेऊन माझ्या आत कुणीतरी सतत उभं होतं. झाडाकडं बघतानाही ते ‘बघण्याचे’ गुण देत होतं. त्याला घालवायचा मी प्रयत्न केला, तर तेच ‘प्रयत्न बरा’ असा शेरा मारून मोकळं झालं. मग मी त्याला राहू दिलं. ते राहिलं, मी राहिलो, झाड राहिलं. ऊन उतरत गेलं. त्या दिवशी कुणाला किती मिळाले, मला आठवत नाही.

एका रविवारी चाचा म्हणाले, “चला, एक जागा दाखवतो.” स्टूल मांडीवर घेऊन ते जीपमध्ये बसले, मी टपावरच्या पोत्यांकडं बघत मागं लटकलो. गोदावरीच्या बाजूला एका वळणावर उतरलो. समोर ऊस होता. डोक्याच्या वर गेलेला, सळसळता. चाचांनी बांधावर स्टूल ठेवलं आणि उसाकडं तोंड करून बसले. मोसंबीचा माणूस उसासमोर कशाला बसतो, ते मला कळेना.

“इथं माझ्या साडूची बाग होती,” ते थोड्या वेळानं म्हणाले. “मी तवा जवान. लई नाव झालतं माझं. सगळे म्हणले, आता पाणी सोड. मी म्हणलो, थांबा, मला कळतं. आणखी चार दिवस थांबवलं. गर्मी होती डोक्यात. झाडं गेली. थोडी न्हाई, सगळी.”

ऊस वाजत होता.

“साडूंनी काय केलं?”

“माफ केलं त्यानं. भला माणूस. झाडांनी न्हाई केलं, त्यांना येत न्हाई माफ करायला.”

“मग तुम्ही इथं माफी मागायला येता?”

“न्हाई न्हाई. मागून झाली ती. बघायला येतो.” ते माझ्याकडं वळले. “मी केलं हाय ते, मुन्सफसाब. दुसऱ्या कुणी न्हाई. मी न्हाई बघणार तर कोण बघंल?”

“त्रास होत नाही?”

“होतो ना. बिलकुल होतो. हे इथं.” त्यांनी छातीवर बोट ठेवलं. “तो बी बघतो. सजा दिली असती तर एकदा भोगून मोकळा झालो असतो, मंग परत आलोच नसतो हिकडं. आन् म्हणलो असतो, माझी काय चूक न्हाई, तरी बी आलो नसतो. दोन्हीत पळूनच जाणं हाय.”

आम्ही अर्धा तास बसलो. चाचा रडले नाहीत, उसासे टाकले नाहीत. त्यांनी खिशातून शेंगदाणे काढले, मला दिले, स्वतः खाल्ले. परत येताना जीपमध्ये मला हसू आलं, त्याच्या मागोमाग डोळे भरून आले, आणि दोन्ही कशामुळं ते मी स्वतःला विचारलं नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी मी दात घासत होतो, तर बागेतून हाक आली, “पाटील! आज!” दाजी एक चप्पल घालून मोटरीकडं पळाले. पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं, त्याला आंबवणी म्हणतात. भुकेल्याला एकदम जेवायला वाढत नाहीत तसं. ठिबकच्या नळ्यांत आधी नुसती हवा खोकली, मग थेंब आले. चाचांनी ते थेंब पडताना बघितले, स्टूल उचललं आणि चहाला आले. “साखर बराबर टाक, पोरी,” ताईला म्हणाले. बस, एवढाच समारंभ.

त्या दिवशी शाळेत मी मॉनिटरच्या हातातून हजेरी परत घेतली. पहिल्या नावाशी जीभ अडली. ती अडलेली मी बघितली. वर्ग वाट बघत होता, आणि मी एवढा लांब थांबा घेतला, की माझ्या सगळ्या कारकिर्दीतला तो विक्रम असावा. मग नाव घेतलं. “हजर,” पोरगा म्हणाला. जिवंत होता. दुसरं घेतलं. तेही पोरगं जिवंत होतं. सत्तेचाळीस पोरं एकापाठोपाठ एक हजर निघाली, आणि मला इतका आनंद झाला, की पोरांना वाटलं आज सहलीचं नक्की झालं.

रविवारी मी परतूरला गेलो. काकू आता तिथं त्यांच्या भावाजवळ राहत होत्या. वाटेत मी एक भाषण तयार केलं होतं. सुरुवात, मध्य, शेवट, दोन थांबे. दार काकूंनीच उघडलं.

“तुम्ही?” त्या म्हणाल्या. “आत्ता आलात?”

“हो.” भाषणाचा तिथंच शेवट झाला.

त्यांनी आत घेतलं. सरांचा फोटो भिंतीवर होता. आम्ही बसलो. मग काकू हळू आवाजात, पण एक शब्द न चुकता बोलल्या, “तुमचा फार राग आला होता मला. त्यांचं दुखणं जुनं होतं, डॉक्टर आधीपासून सांगत होते, सगळं मला कळतं. तरी राग येतो. आजही आला, दार उघडल्यावर.”

आता माझं कोर्ट भरणार हे मला ऐकू आलं. वकील उठला: बघा, दुखणं जुनं होतं! मुन्सफ उठला: बघ, बाईनं तोंडावर सांगितलं! कान तापले. मी ते सगळं बघितलं. तिथं मी होतो, काकू होत्या, त्यांचा राग होता, आणि खोलीत सगळ्यांना पुरेल एवढी जागा होती.

“येऊ द्या, काकू,” मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण.

काकू बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मग उठून चहा ठेवला. कप देताना म्हणाल्या, “ते उभे राहिले हो त्या दिवशी. स्वतःसाठीच! मी त्यांचा सदरा ओढत होते खाली.” आणि त्यांचा चेहरा असा हलला, की ते हसू होतं की रडू, मला आजतागायत सांगता येणार नाही. माझाही तसाच हलला असावा. निघताना त्या ‘या पुन्हा’ म्हणाल्या नाहीत. दार मात्र त्यांनी मी कोपऱ्यावर वळेपर्यंत लावलं नाही.

मी मोटारसायकल पळवत बागेत आलो. केवढा मोठा प्रयोग मला चाचांसमोर करायचा होता! पण झाडासमोर स्टूल नव्हतं.

“सकाळच्याच जीपनं गेले,” ताई म्हणाली. “अंबडकडं कुणाची तरी बाग हाय.”

“माझ्यासाठी काही म्हणाले?”

“न्हाई. मला म्हणले, पुढच्या साली उपमा करू नको.”

मग मी एकटाच बसलो. दोन-तीन आठवड्यांनी ती बाग अशी फुलली, की पांढऱ्या वासानं गावाला गुंगी आली. मधमाश्यांचा एकसुरी आवाज, आणि मी बादलीवर. परतूरला जे झालं ते चांगलं झालं की वाईट, हे मला विचारणारं तिथं कुणी नव्हतं. मीही त्या वासात कुठंतरी विरघळून गेलो होतो, तेव्हा मलाही विचारता आलं नाही.

त्यानंतर आमची भेट राहूनच गेली. मी पुन्हा माइकसमोर उभा राहू लागलो. ‘भावपूर्ण’ आलं की लोक श्वास रोखतात, आणि मीही तो थांबा जरा लांबवतो. एवढी मस्ती अंगात शिल्लक आहे. चाचांचं बागांना येणं बंद झालं, असं कळलं. शेवटी गेल्या वर्षी मी पिशवीत दाजींच्या बागेची मोसंबी घेतली आणि मस्तगडातलं त्यांचं घर शोधत गेलो. मोसंबी वर होती. पिशवीच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, ते कबूल करतो. मला चाचांना माझं सगळं सांगायचं होतं, हजेरी, काकू, माइक, आणि त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की मुन्सफसाब, तुम्ही पास झालात.

त्यांच्या लेकीनं दार उघडलं. “अब्बांना आता ध्यानात राहत न्हाई, सर,” ती म्हणाली. “वाईट वाटून घेऊ नका.”

चाचा वरच्या गॅलरीत बाकावर बसले होते. दाढीची मेंदी उतरून पांढरी झाली होती. खाली बाजाराची गर्दी चालली होती आणि ते तिच्याकडं बघत होते.

“चाचा, ओळखलं का?”

त्यांनी मान वळवली. पायापासून डोक्यापर्यंत मला सावकाश बघितलं, झाडाकडं बघत तसं. नजरेतून सुटलं काहीच नाही.

“न्हाई,” ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. कुणाचाही परिचय मी दहा मिनिटं करून देऊ शकतो, माझा तर अर्धा तास. पण चाचा बाकावर सरकले होते आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर हातानं थापटत होते.

“बसा की,” ते म्हणाले. “उभं कशाला?”

मी बसलो. खालून एक हातगाडी गेली, शाळेच्या मुली गेल्या, कुणीतरी कुणाला तरी जोरात हाक मारली आणि तो वळला नाही. ऊन आमच्या पायांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. बऱ्याच वेळानं चाचांनी पिशवीतून एक मोसंबी काढली, नखानं सोलली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि अर्धी स्वतः खायला लागले.

मोसंबी जरा आंबट होती. आमच्यापैकी कुणीच तसं म्हणालं नाही.